पायाखाली पाय

सरावाच्या पहिल्याच दिवशी सुष्मानं दिव्यश्रीचा दात पाडला.

मुद्दाम पाडला असं नाही, पण वाचवावा म्हणून काही केलंही नाही. रिंगखाली दोघी चेंडूसाठी उडाल्या आणि सुष्माचं कोपर नेहमीच्या जागी गेलं, म्हणजे समोरच्या पोरीचं तोंड असतं तिथं. दिव्यश्री मटकन खाली बसली. तोंडातलं रक्त कोर्टावर थुंकली, बोटानं चाचपून त्यातला दात उचलला आणि फिजिओच्या तळहातावर ठेवला. "सांभाळा जरा," असं कन्नडमध्ये म्हणून ती परत जागेवर जाऊन उभी राहिली. पुढच्याच चेंडूला तिनं असा खांदा घातला, की सुष्मा रिंगच्या खांबावर जाऊन आदळली आणि बराच वेळ तिला श्वासच घेता येईना.

कोच तिरुमलराव शिट्टी ओठांत धरून बघत होते. त्यांनी ती वाजवली नाही.

आदल्या वर्षी मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली होती आणि म्हैसूर स्टॅलियन्सचा संघ त्यात तळाला राहिला होता. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतली पहिली निवड मिळते, म्हणून दिव्यश्री त्यांच्या वाट्याला आली. एकोणीस वर्षांची, सव्वासहा फुटांची, धावायला लागली की छोट्या मुलींसारखी हलकी. अशी पोरगी या देशात पहिल्यांदाच जन्माला आली असं पेपरवाले लिहीत होते. म्हैसुरात हिनकलच्या उड्डाणपुलाजवळ तिचा मोठा फलक लागला होता. तो छापला होता तिच्याच वडिलांनी. मोहनरावांचे आजे-पणजे साड्या रंगवायचे, छापायचे. मोहनरावांचं हिनकलला फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. लेकीचा फलक मशीनमधून बाहेर यायला लागला तेव्हा आधी नुसते पाय आले, मग गुडघे आले, आणि चेहरा येईपर्यंत ते मशीनजवळून हलले नाहीत, असं दिव्यश्री हसत सांगायची.

सुष्माचा फलक कुठं लागला नव्हता. ती बत्तिसाची झाली होती, लीग निघायच्या कितीतरी आधीपासून तिरुमलरावांच्याच हाताखाली राज्याच्या संघात खेळत होती. तिचे वडील नागोजीराव घोडेस्वार पोलिसांतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या आधीच्या पिढ्या राजांच्या फौजेत. घर म्हैसुरातच, नजरबादला. सुष्माचं नाक दोनदा मोडलेलं होतं, डाव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती. तिच्या नावावर गुण थोडे आणि फाउल फार. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला, की देणारीला पुढच्या पाच मिनिटांत जमिनीवर लोळवायचं, हे तिचं काम होतं. ते तिला कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. तिरुमलरावांनी मात्र त्या दिवशी सराव संपल्यावर सांगितलं.

"ती पोरगी गुण करील," ते म्हणाले. "तिनं हात उचलायचा नाही. तिला कुणी हात लावला तर पुढचं तू बघायचं. कळलं?"

"कळलं, सर."

"आणि तिचा दात पाडलास ते बरं झालं. रडते की काय ते बघायचं होतं."

संघात घरी मराठी बोलणाऱ्या दोघीच होत्या, सुष्मा आणि दिव्यश्री. बाकीच्या मुली कन्नड, मल्याळी, दोघी मिझोरामच्या. त्यामुळं दात पडूनही दिव्यश्री आठवडाभरात सुष्माला 'अक्का' म्हणायला लागली. बसमध्ये शेजारी बसायची, डब्यातला चिरोटा अर्धा मोडून द्यायची आणि अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं अखंड बोलायची. सुष्माला धाकटी बहीण नव्हती. तिला हे आवडत होतं, पण ते तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

पहिले दोन सामने दिव्यश्रीनं एकटीच्या जोरावर जिंकून दिले. तिसऱ्यापासून बाकीच्या संघांना उपाय सापडला. तिला अडवता येत नाही ना, मग मारायचं.

कोचीमध्ये तिच्या मानेवर नखांचे ओरखडे उठले. चेन्नईत एका धिप्पाड मुलीनं तिच्या पोटात गुडघा घातला आणि पंचांनी तो बघितलाच नाही. सुष्मानं बघितला. पुढच्या चेंडूला त्या मुलीच्या मागं उडी घेऊन तिनं खाली येताना दोन्ही कोपरं तिच्या पाठीवर आणली. मुलगी तोंडावर पडली, उठली ती बरगडी धरूनच. सुष्माला बाहेर काढलं आणि वर पुढच्या सामन्याची बंदी घातली. बाकावरून उठून जाताना तिरुमलरावांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

तो पुढचा सामना हैदराबादला होता. सुष्मानं तो घरी टीव्हीवर बघितला, नागोजीरावांच्या शेजारी बसून. पहारा उठल्याचं हैदराबादच्या मुलींना चांगलंच ठाऊक होतं. पहिल्या दहा मिनिटांतच दिव्यश्रीची भुवई फुटली. पट्टी लावून ती आत आली तर त्याच जागी पुन्हा कोपर बसलं. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती हाताच्या पाठीनं पुसत फ्री थ्रो मारत होती. एकदा तर ती खाली पडलेली असताना एकजण तिच्या बोटांवर पाय देऊन गेली. दिव्यश्री उठली, त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली, आणि मग बाकाकडं बघितलं. तिरुमलराव बोट हलवत होते. नाही.

"हिला कुणी बांधून ठेवलंय काय?" नागोजीराव म्हणाले.

"सरांनी सांगितलंय, अप्पा. हिनं हात उचलायचा नाही."

"मग मार खायला पाठवलंय काय तिला?"

सुष्मा उठून आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवर एक ठोसा मारला. आई वनजाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "भिंतीनं काय केलंय गं?"

तीन दिवसांनी सकाळी दिव्यश्री वडिलांच्या स्कूटरवर नजरबादला आली. भुवईवर टाके, एक डोळा निळा होऊन मिटलेला. मोहनराव गेटपाशीच थांबले. त्यांना लेकीच्या तोंडाकडं बघवत नसावं, ते रस्त्याकडं बघत उभे होते.

"अक्का, मला शिकव," दिव्यश्री म्हणाली.

"काय शिकवू?"

"तू करतेस ते."

"बेड, नको. सर मला जिवे मारतील."

"सरांना कोण सांगणार आहे? तुला परत बंदी घातली तर मी काय करू? सुम्मने, नुसती उभी राहू?" तिनं मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हा डोळा अजून नीट उघडत नाही, अक्का. डॉक्टर म्हणाले थोडक्यात वाचला."

गेटपाशी मोहनरावांनी मान वळवली. "शिकवा तिला," एवढंच ते म्हणाले.

घरामागच्या गल्लीच्या टोकाला सिमेंटचं एक जुनं कोर्ट होतं. रिंगला जाळी नव्हती. तिथं त्या रोज सकाळी भेटायला लागल्या. पंच कुठं उभे असतात, त्यांची नजर चेंडूमागं कशी जाते, आणि ती गेली की आपल्याला किती वेळ मिळतो, ते सुष्मानं शिकवलं. कोपर लांब नेऊन मारायचं नसतं, जवळूनच टेकवून आत रेटायचं असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला गुडघा बसला की पाय बधिर होतो आणि मुलगी पाच मिनिटं तरी पळत नाही. आपल्या अंगावर ती हे सगळं करून घेत होती आणि मधूनच कळवळत हसत होती. इतक्या वर्षांत तिची ही कला कुणी मागायला आलं नव्हतं. घरी जाताना तिचं अंग ठणकत असे आणि मन मात्र प्रसन्न असे.

एक गोष्ट तिला खटकली होती. 'साकु', म्हणजे पुरे, म्हटलं की थांबायचं, असं ठरलं होतं. एके दिवशी दिव्यश्रीचा गुडघा मांडीवर बसला तसं सुष्मा म्हणाली, "साकु." दिव्यश्रीनं अजून एक मारला. "साकु म्हटलं ना!" तरी आणखी एक. सुष्मा खाली पडली तेव्हा कुठं ती थांबली, आणि लगेच रडवेली होऊन तिला उठवायला लागली. "अय्यो, सॉरी अक्का, ऐकूच आलं नाही गं मला!"

सुष्माला ते खरं वाटलं. नव्या माणसाला असा जोर चढतोच, एवढाच अर्थ तिनं लावला.

मग हंगाम फिरला. भुवईचे टाके निघाले आणि दिव्यश्रीच्या आसपास मुली पडायला लागल्या. पंच वळून बघत तोवर ती चार पावलं पुढं गेलेली असे. बंगळूरूच्या एका मुलीचं नाक फुटलं. कोचीच्या मुलीचा खांदा निखळला. तिला हात धरून बाहेर नेत होते तेव्हा म्हैसूरचे प्रेक्षक उभे राहून दिव्यश्रीच्या नावानं ओरडत होते. तिरुमलरावांना काय चाललंय ते कळलं नसेल असं नाही. पण संघ एकामागून एक सामने जिंकत होता आणि त्यांचं ते बोट हलायचं थांबलं होतं.

कोचीच्या सामन्यानंतर सुष्मानं बसमध्ये तिला विचारलं, "तिचा हात ओढून पिळायची काय गरज होती? चेंडू तर तुझ्याकडंच होता."

"तिनं मागच्या वेळी नखं लावली होती."

"म्हणून खांदा काढायचा?"

दिव्यश्री खिडकीबाहेर बघत होती. "मला बरं वाटलं, अक्का," ती म्हणाली. "तुला वाटत नाही?"

सुष्माला वाटायचं. म्हणून तिनं तो विषय तिथंच सोडला.

उपांत्य सामना पुण्याच्या संघाशी, तोही म्हैसुरात. स्टेडियम दुपारपासूनच भरलं होतं. पुण्याची कर्णधार केतकी भोइटे ही सुष्माची जुनी वैरीण. सुष्माचं नाक दुसऱ्यांदा मोडलं ते तिनंच. पण दोघींचं आजवर जे काही बोलणं झालं ते इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि त्यात शिव्याच जास्त. म्हैसुरात पाठीवर आडनाव लावत नाहीत. सुष्माच्या जर्सीवर 'सुष्मा एन.' होतं, दिव्यश्रीच्या 'दिव्यश्री एम.' या दोघी घरी मराठी बोलतात हे भोइटेला कळायचं काही कारणच नव्हतं.

पहिल्या मिनिटापासून सामना रक्ताचा झाला. भोइटेनं सुष्माच्या कानशिलावर कोपर दिलं, सुष्मानं तिच्या मांडीत गुडघा दिला. दिव्यश्रीचा ओठ फाटला. पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून तंबी दिली, तिचा उपयोग झाला नाही. शेवटची दहा मिनिटं सुरू झाली तेव्हा म्हैसूर पुढं होतं, पण थोडंसंच, आणि पुण्याच्या मुली दमल्या होत्या.

एका फ्री थ्रोसाठी सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. भोइटेच्या पलीकडं पुण्याची एक नवी मुलगी होती, मुग्धा. दिव्यश्रीच्याच वयाची, बारीक, दंडावर हळदीकुंकवाच्या रंगाचा धागा बांधलेली. भोइटे तिच्याकडं झुकली, पण आवाज कमी केला नाही.

"मुग्धा, ऐक. आता ती उंच पोरगी उडाली की पायाखाली पाय घाल. घोटा गेला पाहिजे तिचा."

"ताई, मला नाही जमणार."

"जमवायचं. नाही तर बाहेर बस, दुसरी येईल. पंचांकडं मी बघते."

"ताई, हळू. त्या ऐकतायत."

भोइटेनं सुष्माकडं बघितलं आणि हसली. "ऐकू देत. ह्यांना काय कळतंय?"

उडी मारलेली मुलगी खाली येते ती आंधळी. तिची नजर वर रिंगकडं असते, आणि ज्या जमिनीवर ती उतरणार त्या जमिनीवर कुणाचा पाय असला तर घोटा, गुडघा, कधी दोन्ही जातात. अशा पायावर खेळ संपलेल्या मुली सुष्मानं बघितल्या होत्या. पंच तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांना सांगता आलं असतं. बाकाकडं धावून वेळ मागता आला असता. पण फ्री थ्रो चुकला, चेंडू म्हैसूरकडं आला, सगळ्या धावत सुटल्या आणि सुष्मा धावता धावता कन्नडमध्ये ओरडली, "हारबेड, दिव्या! हारबेड!" उडू नकोस.

दिव्यश्रीनं वळून बघितलं. "ऐकलंय मी, अक्का," ती मराठीत म्हणाली.

तिचा चेहरा शांत होता. सुष्माला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

चेंडू दिव्यश्रीच्या हातात आला. ती रिंगच्या डाव्या बाजूला थांबली, चेंडू डोक्यावर नेला, टाचा उचलल्या. उडालीच असं सगळ्यांना वाटलं. मुग्धालाही वाटलं. तिनं डोळे बारीक केले, जणू मार आपल्यालाच बसणार आहे, आणि उजवा पाय लांब करून पुढं सरकवला. दिव्यश्री उडालीच नव्हती. तिनं खाली बघितलं, तो सरळ पसरलेला पाय नीट बघितला. आणि मग ती उडाली. रिंगकडं नाही, फक्त वर. दोन्ही पाय जोडून ती त्या नडगीवर उतरली.

आवाज वरच्या रांगांपर्यंत गेला असं नंतर लोक सांगत होते. सुष्माला तो ऐकू आला तो ओल्या फांदीसारखा. मुग्धाची नडगी मधोमध वाकली आणि मोज्याच्या वर काहीतरी पांढरं दिसलं.

"आई गं!" मुग्धा ओरडली. "आई! आई गं!"

इतर गावांच्या मुली कोर्टावर विव्हळायच्या ते सुष्माच्या सवयीचं होतं. हे तिच्या घरातले शब्द होते. तिची आई हात भाजला तर असंच ओरडायची.

दिव्यश्री बाजूला झाली नव्हती. ती खाली पडलेल्या मुग्धाकडं बघत होती आणि तिनं पुन्हा पाय उचलला.

सुष्मानं तिला कमरेतून धरलं आणि सगळा भार टाकून खाली पाडलं. दोघी कोर्टावर आदळल्या. दिव्यश्री धडपडली, सुटून मुग्धाकडं जायला लागली, तशी सुष्मा तिच्या पाठीवर पालथी पडली आणि तिचे दोन्ही हात अंगाखाली दाबून धरले.

"सोड, अक्का! सोड मला!"

"साकु, दिव्या. साकु."

"तिनं माझा पाय मोडायला पाय घातला! मारून टाकते मी तिला!"

दिव्यश्रीनं मान वळवून सुष्माच्या दंडाचा चावा घेतला. दात मांसात रुतले. एक हात सुटला आणि त्याची मूठ सुष्माच्या गळ्यावर बसली, मग जबड्यावर, मग परत गळ्यावर. सुष्माच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तेवढ्यात मागून भोइटे आली. तिला दिव्यश्री हवी होती, पण दिव्यश्रीवर सुष्मा होती, म्हणून बुटाची पहिली लाथ सुष्माच्या बरगड्यांत बसली. दुसरीही तिथंच. तिसरीला आत काहीतरी कडकलं आणि श्वास अर्ध्यावर अडकला. दोन्ही बाकांवरच्या मुली कोर्टावर उतरल्या होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या उडत होत्या. कुणाची तरी टाच सुष्माच्या हातावरून गेली. कठडा ओलांडून प्रेक्षक खाली आले, पाण्याच्या बाटल्या येऊन पडायला लागल्या, एक बाटली मुग्धाला झाकून बसलेल्या पुण्याच्या डॉक्टरच्या डोक्यावर फुटली. पोलीस काठ्या घेऊन आत शिरले.

खालून दिव्यश्री मारतच होती आणि वरून भोइटे. सुष्मानं उलट एकही हात उचलला नाही. ती काही साध्वी झाली नव्हती. भोइटेचा पाय धरून पिळावा असं तिला फार वाटत होतं, पण हात मोकळे केले असते तर खालची पोरगी सुटली असती.

पोलिसांनी भोइटेला ओढून बाजूला केलं तेव्हा दिव्यश्रीचं अंग एकाएकी सैल पडलं आणि ती रडायला लागली. तरीही सुष्मानं तिला लगेच सोडलं नाही.

सामना तिथंच संपला. लीगनं तो पुण्याला दिला, आणि दिव्यश्री, सुष्मा, भोइटे तिघींनाही उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढलं. पुणं अंतिम सामना हरलं. सुष्माच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, गळा इतका सुजला होता की चार दिवस पेजेवर काढावे लागले.

म्हैसूरच्या लोकांनी मात्र फोनवर फिरणारं चित्रीकरण बघितलं, आणि त्यात त्यांना एवढंच दिसलं की आपल्या लाडक्या खेळाडूला आपल्याच संघातली बाई दाबून धरते आहे आणि पुण्याची लाथा मारते आहे. दवाखान्यात तिरुमलराव भेटायला आले ते बसलेही नाहीत.

"तू भोइटेला मारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"त्या पोरीचं हाड बाहेर आलं होतं, सर."

"ते बघायचं काम तुझं नव्हतं. इतकी वर्षं तू बरोबर केलंस आणि ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी आपल्याच पोरीवर जाऊन बसलीस."

"ती दुसऱ्यांदा पाय देणार होती. तुम्हाला दिसलं नाही?"

तिरुमलरावांनी खिडकीबाहेर बघितलं. दिसलं होतं, हे सुष्माला कळलं. "पुढच्या वर्षी आम्ही दुसरी बघतोय," असं म्हणून ते गेले.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी नजरबादच्या घरावर दगड आले. पहिल्यानं पुढची काच फुटली, दुसरा वनजाबाईंच्या पायाशी येऊन पडला. बाहेर दुचाकींवर सात-आठ पोरं होती, तोंडाला रुमाल बांधलेली. सुष्मा बरगड्या धरून उठेपर्यंत नागोजीराव दार उघडून बाहेर गेले होते. हातात जुनी लाठी. एक दगड त्यांच्या दंडाला लागला, ते हलले नाहीत.

"या," ते कन्नडमध्ये म्हणाले. "पायऱ्या चढून या. म्हाताऱ्याला लांबून काय मारता? समोर येऊन मारा, म्हणजे कुणाची पोरं ते तरी कळेल."

एकजण पुढं आला. नागोजीरावांनी लाठी एकदाच फिरवली आणि त्याच्या दुचाकीचा दिवा फोडला. मग ती सगळी निघून गेली. नागोजीराव आत आले, खुर्चीत बसले आणि वनजाबाईंनी त्यांच्या दंडावरचं रक्त पुसलं.

मुग्धाला सुष्मा होती त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणखी एक पुण्याला व्हायची होती. तपासून घ्यायला गेली तेव्हा सुष्मा वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत गेली. मुग्धाची आई उशाशी बसली होती. ओळखल्याबरोबर ती उठून उभी राहिली.

"मी मारणारी नव्हे," सुष्मा म्हणाली. "मी धरणारी."

मग मुग्धानं विचारलं, "तुम्हाला मराठी येतं?"

"घरी तेच बोलतो आम्ही. पिढ्यान्पिढ्या."

मुग्धाचा चेहरा बदलत गेला. ती तो फ्री थ्रो आठवत होती. "म्हणजे ताई बोलली ते तुम्ही ऐकलं होतं."

"हो."

"आणि तिनं?"

"तिनंही."

मुग्धानं तोंड फिरवलं. "मला वाटत होतं ती नुसती पडली माझ्यावर," ती भिंतीला म्हणाली. "मी पाय घातला म्हणून तसं झालं. माझीच चूक, असं मी आईला सांगत होते."

सुष्मा तिथून थेट हिनकलला गेली. मोहनरावांच्या दुकानात दिव्यश्री फ्लेक्सचे तुकडे कापत बसली होती. सामन्यानंतर ती घराबाहेर पडली नव्हती. सुष्माच्या गळ्यावरचे डाग बघून तिनं कात्री खाली ठेवली.

"तिला भेटायला चल," सुष्मा म्हणाली.

"मी का जाऊ? पाय तिनं घातला होता. तो माझा मोडला असता तर ती आली असती?"

"माहीत नाही."

"मग?"

"तिला वाटतंय तू चुकून पडलीस. म्हणजे वाटत होतं. मी खरं सांगून आले."

मशीन चालू होतं, कुणाच्या तरी लग्नाचा फलक बाहेर येत होता. "तू मला सोडलं असतंस ना, अक्का," दिव्यश्री हळूच म्हणाली, "तर मी तिच्या तोंडावर पाय देणार होते. मला ऐकू येत होतं सगळं. ती आईला हाका मारत होती तेही. तरी देणार होते."

"मला माहीत आहे."

"आणि त्या दिवशी कोर्टावर तू 'साकु' म्हणालीस, तेही मला ऐकू आलं होतं."

मोहनरावांनी मशीन बंद केलं, स्कूटरची किल्ली काढली आणि लेकीपुढं धरली.

खोलीच्या दारात सुष्मा थांबली. दिव्यश्री आत जाऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. लोखंडी चौकटीत अडकवलेला पाय मधे होता. मुग्धाच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"मुद्दाम उडी मारलीस?" मुग्धानं विचारलं.

"हो."

"बघून?"

"हो. बघून."

मुग्धाच्या उशाशी पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. तिनं ती उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली. बाटली दिव्यश्रीच्या गालाच्या हाडावर बसली. कातडी फाटली, रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं. दिव्यश्रीनं पलंगाचा गज दोन्ही हातांनी धरला. तिचे खांदे वर चढले, मनगटाच्या शिरा तटतटल्या, आणि दारातून सुष्मा एक पाऊल आत आली. गज करकरला. पण हात तिथंच राहिले.

मग दिव्यश्री वाकली, बाटली उचलली, आणि मुग्धाच्या हाताला पोचेल अशी टेबलावर ठेवली.

मुग्धानं ती पुन्हा हातात घेतली. कुणीच हललं नाही. "जा," ती शेवटी म्हणाली. "जा इथून. परत येऊ नको."

बाहेर आल्यावर दिव्यश्री भिंतीला टेकून खाली बसली. नर्स कापूस घेऊन धावत आली आणि कन्नडमध्ये कुणी मारलं, कुठं पडलात, असं विचारायला लागली.

"अक्का," दिव्यश्री म्हणाली, "हात उठत होता गं माझा."

"दिसत होतं."

"तू मला धरलं असतंस?"

"मोडक्या बरगड्यांनी?" सुष्मा तिच्या शेजारी बसायला वाकली, कळ आली तशी थांबली, आणि भिंतीला धरून उभीच राहिली. "नाही. या वेळी नसतं जमलं."

नर्सनं कापूस दाबला. दिव्यश्रीनं डोळे मिटले आणि ओठ चावून धरला.